उंद्रीच्या पऱ्हाटीतलं रॅप

ज्यांना गाता येत नाही ते घाईघाईनं बोलतात आणि त्याला रॅप म्हणतात, असं माझं मत होतं. मत असलं की ते मोठ्यानं सांगायचं, ही माझी जुनी खोड. मी पुण्यात तबला शिकवते, त्यामुळे माझ्यासमोर असली गाणी लावायची कुणाची छाती होत नसे. केतकी नावाच्या माझ्या शिष्येनं मात्र एकदा क्लास सुटल्यावर फोन माझ्या कानाशीच धरला.

"बाई, शब्द नका ऐकू हवं तर. फक्त खालचा आवाज ऐका."

मी ऐकला. तार होती, पण तानपुऱ्याची नव्हती आणि तुणतुण्याचीही नव्हती. जाड, घुमणारी, थेट पोटात उतरणारी. मशीनवर काढला असेल, असं मी म्हटलं.

"नाही बाई, ती पिंजाऱ्याची धनुकली आहे. गादीचा कापूस पिंजतात ना, ती. बुलढाणा जिल्ह्यातली दोघं आहेत, सुजाता आणि अन्वर. ती लिहिते आणि म्हणते, तो ठेका बनवतो."

तीस वर्षं कातड्यावर बोटं आपटून मला जो आवाज काढता आला नाही, तो कुणी गाद्या भरणाऱ्याच्या हत्यारातून काढला होता! मला राहवेना. केतकीकडून नंबर घेतला आणि फोन केला. पलीकडून सुजाताच बोलली, "या ना मॅडम. दसरा झाला का या, कापूस फुटते तवा." घरी सांगितलं, बुलढाण्याला चालले. नवरा म्हणाला, "लोणारचं सरोवर बघायला?" म्हटलं, नाही, रॅप ऐकायला. त्यानं पेपर खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वर उचलला.

चिखली ते उंद्री

चिखलीच्या स्टँडवर सुजाता स्कूटी घेऊन आली होती. पंचविशीची, सडपातळ, बोलायला तोफ. माझी बॅग तिनं पायात घेतली, मला मागं बसवलं आणि उंद्रीपर्यंत एकदाही न थांबता बोलत राहिली. अर्धं वाऱ्यात उडालं, पण उरलेलंही पुष्कळ होतं. ती दिवसा गावातल्या कॉम्प्युटर सेंटरवर काम करते आणि संध्याकाळी गाणी लिहिते. दोघांच्या जोडीचं नाव 'सरकी', म्हणजे कापसातलं बी.

दोन्ही बाजूंना सोयाबीन काढलेली रानं मोकळी पडली होती. सोयाबीननं इकडे कपाशीला बरंच मागं सारलंय, पण मधूनमधून पांढरे पट्टे दिसत होते. कपाशीच्या झाडाला तिकडे पऱ्हाटी म्हणतात. पुण्यात आम्ही कापूस बघतो तो औषधाच्या दुकानात, निळ्या कागदात गुंडाळलेला. फुटलेल्या बोंडांचं अख्खं रान मी पहिल्यांदाच बघत होते. मी "थांब, थांब" म्हणाले. ती म्हणाली, "परवा वावरातच जाऊ ना मॅडम, मंग पाहा पोटभर."

घरी तिची आई, कांताबाई, चुलीवर कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या मिश्र पिठाच्या, भाकरी थापत होती. कांताबाई कापूस वेचणाऱ्या बायकांची टोळी चालवते. कोणाच्या शेतात कधी जायचं ते तीच ठरवते. भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली एका म्हाताऱ्या गृहस्थांचा हार घातलेला फोटो, हातात डफ. ते सुजाताचे आजोबा. आंबेडकरी जलशात गायचे, गावोगाव जायचे, आणि पाटलासमोर म्हणू नये ते पाटलासमोरच म्हणायचे.

भाजलेल्या वांग्याचं भरीत, वर कच्चं तेल, कांद्याची पात आणि हिरव्या मिरचीचा ठेचा. पहिल्याच घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. कांताबाई म्हणाली, "ताई, तिखट कमी टाकलं व तुमच्यासाठी." मी गुळाचा खडा तोंडात धरून मान डोलावली.

जेवताना मी माझी शंका विचारलीच. आजोबा जलशात गात होते, घरात एवढी परंपरा, मग हे अमेरिकेतलं सोंग कशाला? सुजाता जेवायची थांबली.

"मॅडम, हे गाणं कोणाचं हाय? तिकडच्या काळ्या लोकायचं. त्याईचे पणजे काय करत होते? कापूस येचत होते, गोऱ्याच्या वावरात. मंग तिकडे लढाई लागली, तिकडचा कापूस बंद झाला, अन् गोरा कापूस पाह्यत पाह्यत आमच्या वऱ्हाडात आला. रेल आनली, जिनिंग आनली, सारी रुई बोटीत घालून नेली. त्याईचा पणजा येचत होता, माहीबी पणजी येचत होती. एकाच गिरणीचा कापूस. मंग हे गाणं आमचं कसं नाही?"

मी दुसरी भाकरी मागितली. काही उत्तरं अशी असतात की त्यांच्यापुढे भाकरीच बरी.

पिंजाऱ्याच्या घरी

दुसऱ्या दिवशी अन्वरकडे गेलो. त्याचं बाजारात मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, वीतभर. मागं घर, आणि घरात त्याचे वडील, उस्मानचाचा. तीन पिढ्यांचे पिंजारी. आता लोक फोमच्या गाद्या घेतात, उरलेला कापूस मशीन पिंजतं, म्हणून धनुकली भिंतीला टांगलेली होती. माणसाच्या उंचीची, जाड लाकडाची, आणि तिला आतड्याची ताणलेली तात.

मला वाटलं होतं, चाचा उदास होऊन जुन्या दिवसांचं काही सांगतील. छे! ते माझीच वाट बघत होते.

"आओ बाई. पुण्याहून माह्यी धनुकली ऐकाले आल्या ना? याले सांगा जरा." त्यांनी मुलाकडे बोट केलं. "गाण्यात आवाज माहा, अन् नाव याचं. माह्यं नाव काऊन नाही गाण्यात?"

"अब्बा, ठेक्याले नाव नसते," अन्वर म्हणाला.

"बे, तबलेवाल्याचं नाव असते का नाही? असते का नाही बाई?"

असतं, असं मी ठणकावून सांगितलं. हा आमच्या धंद्याचा जुना सल होता. चाचा खूश झाले. त्यांनी धनुकली उतरवली, ओंजळभर कापूस जमिनीवर टाकला आणि डमरूच्या आकाराच्या लाकडी ठोकळीनं तातीवर घाव घातला. ढुंऽग! खोलीतली पितळी भांडी हलली. दुसरा, तिसरा. कापूस तातीला चिकटून उडायला लागला, खोलीभर पांढरं तरंगत होतं, आणि त्या सगळ्यात चाचा मान हलवत बसले होते. मी न राहवून मांडीवर ठेका धरला. दहा मिनिटं आमची जुगलबंदी चालली. केसांत, भुवयांत, चहाच्या कपात कापूस. चहा मी तसाच प्यायले.

मग सुजातानं त्या तालावर ते दोन-दोन ओळींच्या कडव्यांचं गाणं म्हटलं, जे मी पुण्यात शब्द न ऐकता ऐकलं होतं.

"गोऱ्यानं बांधली रेल, रुई गेली बोटीत,
सरकी राह्यली घरी, तेवढी तरी ओटीत.
आता सरकीबी पाकिटात, पाकिटावर फोटू,
पेरतो आमी, येचतो आमी, बी कोनाचं म्हनू?"

अर्थ मला अन्वरनं नीट समजावला. पूर्वी कापसातली सरकी शेतकरी पुढच्या पेरणीला जपून ठेवायचा. आता बीटीचं संकरित बियाणं दरवर्षी नवंच घ्यावं लागतं, घरची सरकी लावली तर नीट येत नाही. पाकीट आलं तेव्हा म्हणे अळी गेली होती, सगळे खूश होते. मग गुलाबी अळी आली, आणि पाकीट काही गेलं नाही. पुढचं कडवं त्यावरच होतं.

"बोंडात अळी, अळीले इख, इखाचं नाव औषीद,
नखात बोंड, बोंडाले रगत, रगताची कोन देते रसीद?"

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात कप होता. रॅपबद्दलचं माझं मत चहाबरोबर गिळलं. आठवड्याच्या शेवटी डोणगावच्या बाजारात कार्यक्रम होता, आणि सुजाता तिथे पहिल्यांदाच मोठ्या लोकांसमोर हे गाणं म्हणणार होती. आजवर ते फोनवरूनच पसरलं होतं. मी तिकीट एक दिवस पुढं ढकलायचं ठरवलं.

वावरात

तिसऱ्या दिवशी सकाळी कांताबाईच्या टोळीबरोबर प्रल्हादभाऊंच्या शेतात गेलो. प्रल्हादभाऊ मध्यम शेतकरी, पोट सुटलेले, गोड बोलणारे. शेतात पहिल्या वेचणीआधी दहीभात शिंपून पूजा करतात, तिला सीतादही म्हणतात. ती होऊन आठवडा झाला होता. बायकांनी कमरेला ओटी बांधली होती, म्हणजे वेचलेला कापूस टाकायची झोळी. प्रत्येकीला एकेक पात दिली होती. पात म्हणजे झाडांच्या ओळींचा तिच्या वाट्याचा पट्टा.

आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, बाभळीला एक काळा स्पीकर टांगला होता. त्यातून सुजाताचं गाणं वाजत होतं.

सुजाता जागीच थबकली. तिचा चेहरा असा उजळला की काय सांगू. ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांच्या वावरात ते वाजत होतं! प्रल्हादभाऊ दोन्ही हात जोडून पुढं आले.

"ये व सुजाता, ये. काय गाणं केलं तू! हे लावलं का बायायचे हात निसते मशीनवानी चालतात. माह्यं अर्धं वावर आटोपलं, शेजारचा अजून सीतादहीवरच हाय. आता एक काम कर, याच्याहून जोरात एखांदं बनव. दुपारच्याले लावाले."

मी बायकांकडे बघितलं. खरंच होतं. उजवा, डावा, उजवा, डावा, धनुकलीच्या घावावर बोंडं सुटत होती. लय माझ्या विद्यार्थ्यांना जमणार नाही इतकी पक्की. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात, ती नखांत जात होती, पण हात ठेक्याबाहेर पडत नव्हते. मी स्वतः एक बोंड वेचून बघितलं आणि बोट तोंडात घातलं. प्रल्हादभाऊंनी हसून दुसरं बोंड फोडून मला आतली गुलाबी अळी दाखवली. लहानशी, दिसायला सुंदर. त्यांचं हसू तेवढ्यापुरतं गेलं.

गाणं दोनदा वाजून झालं. सुजातानं आईला विचारलं, "माय, गाणं आवडलं का टोळीले?"

"चांगलं हाय. दम लागते."

"शब्द कसे वाटले?"

"शब्द?" कांताबाईचे हात चालूच होते. "शब्द कोन ऐकते व? हात चालतात."

तिच्या शेजारच्या पातीत गिरजाबाई होती, टोळीतली सगळ्यांत म्हातारी. ती म्हणाली, "पह्यले बरं होतं. पात सरली का आमी गानं म्हनत होतो. गानं म्हनलं का उभं राहाचं, कंबर सरळ कराची, गानं सरलं का दुसरी पात. आमच्या टोळीचा रिवाजच हाय तो. गान्याले कोनता मालक नाही म्हनत नाही. आता तो डब्बाच गाते. मंग आमी कधी गावं?"

कुणी रागानं बोललं नव्हतं. गिरजाबाई तर हसतच होती. पण सुजाताचा चेहरा मी बघितला आणि मला फार वाईट वाटलं. मजुराच्या घामावर लिहिलेल्या तिच्या गाण्यानं मजुरांची एवढीशी विसाव्याची जागाच खाऊन टाकली होती. ती बाभळीखाली जाऊन बसली. परत येताना म्हणाली, "मॅडम, डोणगावले हे गाणं मी म्हनत नाही. तुमी तिकीट पुढं नका ढकलू." अन्वरनं समजावलं, मी समजावलं. हट्टी पोरगी. तिनं कार्यक्रमवाल्यांना फोन करून सांगूनही टाकलं.

अंगणात

दुसऱ्या दिवशी टोळीला सुटी होती. कांताबाई अंगणात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसली होती, सुजाता आत तोंड फिरवून झोपल्याचं नाटक करत होती. मला स्वस्थ बसवेना. लयीचा प्रश्न आहे ना, मग लयीतच सुटेल, असं मी ठरवलं. अन्वरला बोलावून गाणं संथ करायला लावलं, अगदी विलंबित. त्यानं फोनवर काहीतरी दाबलं आणि धनुकली म्हशीसारखी चालायला लागली.

कांताबाईचे हात संथ झाले. पण थांबले नाहीत. शेंग, दाणा, टरफल, शेंग, दाणा, टरफल, सगळं विलंबितात. अन्वरनं आणखी हळू केलं, तसे हातही आणखी हळू चालले. आम्ही दोघं बघत राहिलो. अन्वरला हसू आवरेना. "मॅडम, आता हे गाणं झोपीन, पन मावशीचे हात नाही थांबनार."

मला राग आला. विद्यार्थी चुकला की मी जे करते तेच केलं. "थांब, तुला लय म्हणजे काय ते कळत नाहीये. हातावर ताल दे. कांताबाई, तुम्हीपण. सुजाता, बाहेर ये!" तीस वर्षांचा मास्तरकीचा आवाज आहे माझा. तिघंही निमूट समोर बसली. मी तीनताल हातावर द्यायला लावला. टाळी, टाळी, मग एक हात उघडा, मग टाळी. कांताबाई पहिल्यांदा लाजली. मग जोरात वाजवायला लागली. शेजारच्या दोघी कुंपणावरून बघायला आल्या, त्यांनाही मी बसवलं. छान रंगलं. मी अन्वरला लयीचं मर्म सांगत होते, सांगतच होते, आणि सुजाता एकदम ओरडली,

"माय, शेंगा!"

सूप तसंच पडलं होतं. एकही शेंग फुटली नव्हती.

कांताबाईनं आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघितलं. "हो व. टाळी वाजवाची तर हात रिकामे पाह्यजेत ना!"

पुढं काय झालं ते सांगायची गरज नाही. तासभर सगळी एकमेकांवर ओरडत होती. ठेका पुन्हा मूळच्या वेगावर आला. माझा विलंबित कुणीच विचारात घेतला नाही. प्रत्येक कडव्यानंतर धनुकली थांबवायची आणि टाळ्यांचा तुकडा घालायचा, असं ठरलं. त्याचे शब्द कांताबाईनंच सांगितले, शेंगा पुन्हा जवळ ओढत. टाळ्या आम्ही अंगणातच भरल्या. उस्मानचाचांना कुणीतरी बोलावलं होतं. त्यांनी एक घाव जास्तीचा वाजवून दिला आणि नावाचा विषय पुन्हा काढला.

कढईत शेंगदाण्याची आमटी शिजली, तिच्यासोबत ज्वारीच्या गरम भाकरी. यावेळी तिखट मला चाललं. सुजाता दोन भाकरी जास्त जेवली. डोणगावचं मात्र तिनं तोंडातून काढलं नाही. "वावरात पाहू पह्यले," एवढंच म्हणाली.

पुन्हा वावरात

सकाळी अन्वरनं प्रल्हादभाऊंच्या फोनमध्ये नवीन गाणं टाकून दिलं. "भाऊ, तुमी म्हनले होते ना, नवं बनवा?" प्रल्हादभाऊ खूश. त्यांनी स्वतः आवाज पूर्ण वर केला आणि हात मागं बांधून धुऱ्यावर उभे राहिले.

ढुंऽग. हात चालू लागले. उजवा, डावा. गोऱ्यानं बांधली रेल. बोंडं सुटत होती, ओट्या फुगत होत्या. सुजाता माझ्या शेजारी उभी होती आणि तिनं माझं मनगट धरलं होतं, तिला ते कळलंही नसावं. कडवं संपलं. धनुकली थांबली. आणि स्पीकरमधून कांताबाईचाच आवाज आला.

"कंबर सरळ, टाळी दे!
घाम पुसू दे, टाळी दे!
पानी पिऊ दे, टाळी दे!"

कांताबाई ताठ उभी राहिली आणि तिनं टाळी दिली. मग गिरजाबाई. मग पऱ्हाटीच्या वर एकेक डोकं निघायला लागलं, पाठी सरळ होत गेल्या, आणि सगळ्या रानात हात वर. एकीनं खरंच घाम पुसला. एकीनं डोक्यावरचा पदर सोडून पुन्हा घेतला. सगळ्या हसत होत्या.

"अय, हे काय? हात काऊन थांबले?" प्रल्हादभाऊ स्पीकरकडे निघाले. "जुनं लाव बे अन्वर."

"राहू द्या भाऊ," कांताबाई तिथूनच म्हणाली. "तुमीच तं लावलं."

तेवढ्यात दुसरं कडवं सुरू झालं होतं. पण हात अजून कापसाकडे गेले नव्हते, आणि पहिल्यांदाच त्या बायका नुसत्या उभ्या राहून ऐकत होत्या. आता सरकीबी पाकिटात. गिरजाबाईनं मान तिरपी केली.

"काय म्हनते व हे? सरकी?" ती म्हणाली. "हाव, माह्या सासरी घरचीच सरकी होती. गाडग्यात ठेवत होतो, राखेत. अन् भाऊ, आता काऊन नाही ठेवत?"

सगळ्या प्रल्हादभाऊंकडे बघायला लागल्या. ते बाभळीपाशी पोचले होते, बोट स्पीकरच्या बटणावर. त्यांनी एकदा गिरजाबाईकडे बघितलं, एकदा आपल्या रानाकडे.

"मी काय सांगू बाई," ते म्हणाले. "दरसाली मीच इकत आनतो ना ते पाकीट. मले इचारते कोन?"

स्पीकर म्हणत होता, बी कोनाचं म्हनू. प्रल्हादभाऊंनी बटण दाबलं. गाणं बंद पडलं. त्यांनी पुन्हा दाबलं, तसं ते पहिल्यापासून सुरू झालं. ते तिथेच बाभळीला टेकून उभे राहिले, ऐकत.

सुजातानं माझं मनगट सोडलं, ओढणीनं डोळे पुसले आणि फोन काढला. पलीकडे डोणगावचे कार्यक्रमवाले होते.

"हाव, म्हनतो," ती म्हणाली. "तेच गाणं. पन बाजारात सांगून ठेवा लोकायले, येताना हात रिकामे ठेवजा म्हना."